सिस्टर सर्कल कसं उभं करावं: ब्लॅक महिलांच्या मेंटरिंगची रीत

१८९६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या ब्लॅक महिलांनी गावोगावची आपली महिला मंडळं एकत्र आणून वॉशिंग्टनला एक राष्ट्रीय संघटना बांधली. मेरी चर्च टेरेल तिच्या पहिल्या अध्यक्षा. संघटनेचं ब्रीद होतं 'लिफ्टिंग ॲज वी क्लाइम्ब', म्हणजे चढता चढताच मागचीला हात द्यायचा. यातला 'चढता चढता' हा भाग नवख्यांच्या नजरेतून सुटतो. आधी आपण वर पोहोचू, मग सवडीने कुणाला तरी मदत करू, असं त्यात नाही. नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली मुलगीही परवा लागलेलीला काहीतरी देऊ शकते, आणि बहुतेक वेळा तिचंच देणं जास्त कामाचं असतं. सिस्टर सर्कल म्हणजे याच विचाराचं छोटं, ठरलेल्या दिवशी भरणारं मंडळ.

हा लेख दोन तऱ्हेच्या वाचकांसाठी आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये विद्यापीठात, दवाखान्यात, कंपनीत काम करताना ब्लॅक सहकारी असं सर्कल सुरू करत असतील आणि तुम्हाला त्यांच्या मदतीला उभं राहायचं असेल, तर त्यासाठी. आणि इकडे घरातली पहिलीच शिकलेली, पहिलीच ऑफिसात बसलेली अशा मुलींसाठी ही रीत शिकायची असेल, तर त्यासाठीही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. हा रस्ता महाराष्ट्राला नवा नाही.

शब्दांबद्दल एवढंच: 'ब्लॅक' हा आफ्रिकन वंशाच्या या लोकांनी स्वतः निवडलेला शब्द आहे, तोच वापरा. 'निग्रो' हा शब्द जुन्या संस्थांच्या नावांतच राहू द्या.

वेगळं सर्कल कशाला

हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारणार. उत्तर तयार ठेवा. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातल्या पाच ब्लॅक कामगार महिलांनी एका मोटार कंपनीवर खटला भरला होता. कंपनीने १९६४ च्या आधी ब्लॅक महिलांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे मंदीत 'शेवटी आलेले आधी जातील' या नियमाने कपात झाली, तेव्हा त्या सगळ्यात आधी बाहेर पडल्या. १९७६ मध्ये न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की बाई म्हणून दाद मागा किंवा ब्लॅक म्हणून मागा, दोन्ही एकत्र करून वेगळा गट मानता येणार नाही. कंपनीत बायका होत्या, पण त्या गोऱ्या. ब्लॅक कामगार होते, पण ते पुरुष. या खटल्यावर बोट ठेवूनच कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द मांडला, म्हणजे एकाच माणसावर एकमेकांत गुंतून येणारे भेदभाव. ऑफिसातल्या महिला गटात वर्णाचा विषय निघत नाही आणि ब्लॅक कर्मचारी गटात बाळंतपणाच्या रजेचा निघत नाही. जे दोन्हीकडे राहून जातं, त्याच्यासाठी हे सर्कल.

पहिली पायरी: बोलवण्याआधी विचारा

सुरुवातीलाच पत्रक छापू नका. आधी ८ ते १० जणींना एकेकटीला भेटा, प्रत्येकीला २० मिनिटं. तीनच प्रश्न विचारा. गेल्या सहा महिन्यांत कोणती गोष्ट कुणी सांगितली असती तर तुझं काम सोपं झालं असतं? तेव्हा तू कुणाला विचारलंस? महिन्यातली कोणती वेळ तुझी स्वतःची असते? उत्तरं तिच्याच शब्दांत लिहून घ्या. 'करिअर ग्रोथ' असलं आपलं भाषांतर करू नका.

याचा उत्तम नमुना दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर मिळतो. जानेवारी १९५७ मध्ये तिथे प्रौढांसाठी पहिली 'सिटिझनशिप स्कूल' भरली. त्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर वाचून दाखवावं लागे, आणि याच अटीवर ब्लॅक लोकांना परत पाठवलं जाई. वर्ग एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत बसे, गोऱ्या लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून. ही शाळा उभी करणाऱ्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी शिकवायला निवडलं बर्निस रॉबिन्सन यांना. त्या ब्यूटिशियन होत्या, वर्गात कधी शिकवलेलं नव्हतं, आणि निवड झाली ती त्यामुळेच. पहिल्या दिवशी त्या लहान मुलांच्या शाळेतलं साहित्य घेऊन गेल्या. समोर शेतावर राबणारी मोठी माणसं बसलेली. त्यांनी ते साहित्य बाजूला ठेवलं आणि तुम्हाला काय शिकायचंय ते विचारलं. उत्तरं आली: स्वतःची सही करायची आहे, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा आहे, बायबल वाचायचं आहे. अभ्यासक्रम त्यावर बेतला गेला. तुमच्या सर्कलचे पहिले सहा विषयही त्या २० मिनिटांच्या भेटींमधूनच निघाले पाहिजेत.

दुसरी पायरी: किती जणी, कोणत्या

८ ते १२. सहापेक्षा कमी असतील तर दोघी आजारी पडल्या की बैठक बुडते. बारापेक्षा जास्त झाल्या तर प्रत्येकीला बोलायला वेळ मिळत नाही, आणि न बोललेली बाई तिसऱ्या महिन्यात यायची बंद होते.

वयाचे किंवा अनुभवाचे तीन थर ठेवा: १५ वर्षांहून जास्त अनुभवाच्या तिघी, मधल्या चार-पाच जणी, नव्या चौघी. मधला थर लोक हमखास विसरतात. ज्येष्ठ बाईला वाऱ्याची दिशा कळते, पण शिष्यवृत्तीचा अर्ज आता कोणत्या पोर्टलवर भरतात, पहिल्या महिन्यात विम्याचा कोणता कागद लागतो, हे ती विसरलेली असते. ते मधलीला पाठ असतं.

आणखी एक जपायचं. 'ब्लॅक महिला' हा एकसंध गट नाही. जिचे पूर्वज अलाबामाच्या कापसाच्या शेतावर गुलाम होते ती, लागोसहून शिकायला आलेली ती, हैती किंवा जमैकाच्या आईबापांची न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ती, यांचे अनुभव वेगळे, चर्च वेगळं, जेवण वेगळं, कधीकधी एकमेकींबद्दलचे ग्रहही वेगळे. पहिल्या बैठकीतच प्रत्येकीने आपलं मूळ गाव आणि घरची माणसं सांगावीत. 'आपण सगळ्या सारख्याच' असं म्हणून हा फरक पुसू नका. तो नंतर कुरबुरीतून वर येतो.

तिसरी पायरी: जागा, वेळ, खाणं

चर्चचं तळघर, सार्वजनिक ग्रंथालयाची बैठकीची खोली, किंवा केशकर्तनालय. शेवटचं नाव ऐकून नवल वाटू देऊ नका. ब्लॅक ब्यूटी पार्लर ही पिढ्यान्‌पिढ्या या बायकांची हक्काची जागा आहे. तिथे मालकीण त्यांच्यातलीच असते आणि गोऱ्या मालकाची भीती नसते. बरीच पार्लरं सोमवारी बंद असतात, त्या दिवशी संध्याकाळी जागा मागून पाहा. ग्रंथालयाची खोली बहुधा फुकट मिळते, पण तिथे पैसे गोळा करायला अनेकदा मनाई असते. नियम आधी वाचा.

ऑफिसची खोली टाळा, निदान पहिले सहा महिने. काचेच्या भिंतीआड साहेबाबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही.

दिवस एकच ठरवा, उदाहरणार्थ दर महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी १० ते १२. रविवार धरू नका. सकाळ चर्चमध्ये जाते आणि दुपार बऱ्याच घरांत केस धुण्या-विंचरण्यात. घरात मुली असतील तर ते अर्ध्या दिवसाचं काम असतं. लहान मुलांना सांभाळायला एक जण ठेवा आणि तिला पैसे द्या. हा खर्च वाचवला की सर्कलमध्ये फक्त बिनलेकुरवाळ्या उरतात. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना कोण आणणार हे आदल्या गुरुवारपर्यंत ठरलेलं असावं. खाणं आळीपाळीने, दोघींनी मिळून.

चौथी पायरी: दोन तासांचा हिशेब

पहिली १५ मिनिटं खाणं आणि गप्पा. पुढची ५ मिनिटं नियम मोठ्याने वाचायला, दर वेळी, जुन्या बायका कंटाळल्या तरी. मग ४० मिनिटं फेरी: दहा जणी, प्रत्येकीला ४ मिनिटं, घड्याळ लावून. त्यानंतर ४० मिनिटं एकाच बाईचा एकच प्रश्न. १५ मिनिटं 'मला हवंय' आणि 'मी देऊ शकते'. शेवटची ५ मिनिटं पुढच्या महिन्याची नेमणूक.

नियम चारच. इथलं बोलणं इथेच राहील. मधे तोडायचं नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि 'तू खंबीर आहेस, तू निभावशील' हे वाक्य इथे म्हणायचं नाही. चौथा नियम बाहेरच्यांना विचित्र वाटतो, पण सर्कलचा जीव त्यातच आहे. ब्लॅक बाई पोलादाची असते, तिला दुखत नाही, तिला मदत लागत नाही, हा समज गुलामगिरीच्या काळापासून तिच्या पाठीवर लादलेला आहे, आणि तो कौतुकाच्या रूपात येतो म्हणून जास्त घातक. १९८३ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात बिली एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॅक महिलांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद घेतली, आणि तिथून जी चळवळ उभी राहिली तिने छोट्या स्वमदत गटांवर भर दिला. डॉक्टरांची व्याख्यानं तर हवीतच, पण आपल्यासारख्याच बायकांमध्ये बसून 'मला त्रास होतोय' असं म्हणता येणं हा उपचाराचा पहिला भाग, ही त्यामागची समज होती.

४ मिनिटांची फेरी कडक पाळा. बोलकी बाई दहा मिनिटं घेते आणि तिच्यानंतरची 'माझं काही विशेष नाही' म्हणून गप्प बसते. बहुतेकदा तिचंच काहीतरी विशेष असतं.

नावांची रीतही इथेच ठरवा. अमेरिकेच्या दक्षिणेकडे ज्येष्ठ बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, 'मिस' लावून नाव घेतात, जसं आपण ताई, काकू लावतो. यामागे जखम आहे. गोरे लोक म्हाताऱ्या ब्लॅक बाईलाही मुद्दाम एकेरी नावाने बोलवत. १९६३ मध्ये अलाबामाच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन यांनी वकिलाने नुसतं 'मेरी' म्हटल्यावर उत्तर द्यायला नकार दिला, आणि न्यायालयाचा अवमान म्हणून शिक्षा भोगली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली. म्हणून तुम्ही बाहेरून मदतीला आला असाल तर पहिल्याच दिवशी ऑफिसच्या सवयीने कुणाला नुसत्या नावाने हाक मारू नका. 'तुम्हाला काय म्हणू?' असं विचारा. 'सिस', म्हणजे बहीण, हा शब्द त्यांचा आपापसातला आहे, तो उचलू नका.

पाचवी पायरी: जोड्या

जोड्या पहिल्या दिवशी लावू नका. तिसऱ्या बैठकीनंतर प्रत्येकीने चिठ्ठीवर दोन नावं लिहावीत: जिच्याकडून शिकायला आवडेल अशा दोघींची. त्या चिठ्ठ्या पाहून सर्कलमधल्या कुणी दोघींनी मिळून जुळवणी करावी, एकटीने नाही. एकटीने केली की रुसवे तिच्या खात्यात जमा होतात.

करार एका पानाचा. मुदत ६ महिने. महिन्यातून दोनदा, ४५ मिनिटं. विषय तीन, जास्त नाहीत. फोन किती वाजेपर्यंत चालेल ते लिहा. आणि एक ओळ ठेवाच: दोघींपैकी कुणीही कारण न सांगता जोडी सोडू शकते. ही ओळ नसली की न जमलेली जोडी तुटत नाही, नुसती कुजते.

आता मेंटरने नेमकं काय करायचं ते एका प्रसंगावर पाहू, कारण हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक सर्कलमध्ये येतो. नव्या मुलीच्या वार्षिक मूल्यमापनात साहेबाने लिहिलंय: 'तुझा टोन आक्रमक वाटतो.' चुकीचा सल्ला दोन प्रकारचा असतो. एक, 'थोडं हसत जा.' दोन, 'सरळ तक्रार कर.' अनुभवी मेंटर आधी कागद मागते आणि तो शब्दन्‌शब्द वाचते. मग मुलीकडून साहेबाला पाठवायचे दोन प्रश्न लिहून घेते: 'कोणत्या बैठकीत असं वाटलं, ती तारीख सांगाल का? त्या वेळी मी कसं बोलायला हवं होतं?' प्रश्न ईमेलवर, तोंडी नाही. उत्तरात तारीख आली तर सुधारायला काहीतरी हाताशी आलं. तारीख आलीच नाही, तर तेही लेखी राहिलं. शिवाय मुलीने घरच्या वहीत, ऑफिसच्या संगणकावर नव्हे, त्या वर्षातली आपली कामं तारखेनिशी लिहायला घ्यायची, दर शुक्रवारी १० मिनिटं. तक्रार करायची वेळ आलीच तर या वहीशिवाय ती उभी राहत नाही.

असाच दुसरा प्रश्न केसांचा. मुलाखतीला वेण्या घालून जावं का? इथे 'तुला आवडेल तसं कर' हे उत्तर अपुरं आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये 'क्राउन ॲक्ट' करून केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घातली, नंतर बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले, पण सगळ्यांनी नाही. मेंटरने त्या राज्यातला कायदा आणि त्या कार्यालयातली माणसं, दोन्हींची माहिती काढून द्यावी. निर्णय मुलीचा.

सल्ला देणं आणि शब्द टाकणं यातला फरकही ज्येष्ठ बायकांना पहिल्याच महिन्यात समजावून सांगा. मेंटर मुलीशी बोलते. शब्द टाकणारी, जिला स्पॉन्सर म्हणतात, ती मुलगी हजर नसलेल्या खोलीत तिचं नाव घेते. १९३७ मध्ये ब्लॅक शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लिऑड बेथ्यून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आल्या असताना तिथल्या वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संस्थेत काम करणाऱ्या २५ वर्षांच्या डोरोथी हाइट त्यांच्या नजरेत भरल्या. बेथ्यून यांनी तिला नुसता उपदेश केला नाही, आपल्या 'नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन'मध्ये कामाला जुंपलं. दोन वर्षांपूर्वीच स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या डोरोथी हाइट १९५७ पासून सुमारे चार दशकं अध्यक्षा राहिल्या. तुमच्या सर्कलमधल्या प्रत्येक ज्येष्ठ बाईने सहा महिन्यांत एकदा तरी एखाद्या मुलीचं नाव अशा एका खोलीत घ्यायचं, आणि ते घेतल्याचं बैठकीत सांगायचं.

सहावी पायरी: पैसा

सर्कलचा पैसा दोन डब्यांत. एक खर्चाचा: खाणं, मुलं सांभाळणारी, छपाई. महिना ५ ते १० डॉलर माणशी पुरतात. हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचायचा.

दुसरा डबा ऐच्छिक. कॅरिबियन बायका त्याला 'सूसू' म्हणतात, जमैकाच्या 'पार्डनर'. सूसू हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबांच्या 'एसूसू'वरून आलेला मानतात, गुलामांच्या जहाजांतून समुद्र ओलांडून. आपली साधी भिशीच ती, लिलावाविना. दहा जणी, दरमहा ५० डॉलर, दर महिन्याला एकीला ५००, दहा महिन्यांत फेरी पूर्ण. सांभाळणारी एकच, तिला 'बँकर' म्हणा. तिच्याकडे वही आणि प्रत्येक हप्त्याला सही. क्रम चिठ्ठ्या टाकून लावा, पण नव्याने आलेल्या बाईला पहिल्या फेरीत शेवटचे नंबर द्या. आधी उचल घेऊन निघून जाण्याचा धोका तिथेच असतो. कुणाला भाड्यासाठी नंबर बदलून हवा असेल तर दोघींनी आपसात ठरवून बँकरला कळवावं.

एक सावधगिरी फार गरजेची आहे. सूसूच्या नावाने फोनवर फसव्या साखळ्या फिरतात: १०० भरा, ८०० मिळवा, फक्त दोन मैत्रिणी आणा. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या सूसूत तुम्ही भरता तेवढंच मिळतं आणि नवीन माणसं आणावी लागत नाहीत. माणसं आणायला सांगितलं की त्या क्षणी बाहेर पडा.

काय बिघडतं

सगळ्यात आधी बिघडते ती संस्थापिका. जागा तीच बघते, फोन तीच करते, रडणाऱ्या मुलीचा फोन रात्री अकरा वाजता तीच उचलते. आठव्या महिन्यात ती गळून जाते आणि सर्कलही. म्हणून तिसऱ्या बैठकीपासूनच कामं चौघींत वाटा आणि दर तीन महिन्यांनी फिरवा, ज्या बाईला नीट जमत नाही तिच्याकडेसुद्धा.

ज्येष्ठ बाई प्रवचन देऊ लागते. घड्याळ तिलाही लावा. ते लावायला मधल्या थरातली, तिला 'मिस' म्हणणारी बाई नेमा, तिचं ऐकलं जातं.

बातमी बाहेर जाते. एकदा गेली तर पुढच्या बैठकीत उघड बोला, नाव न घेता. दुसऱ्यांदा गेली तर त्या बाईला दोघींनी भेटून थांबायला सांगा. दुसरा उपाय नाही.

पेलणार नाही असं दुःख समोर येतं. घरातली मारहाण, जीव द्यायचे विचार. सर्कल म्हणजे दवाखाना नव्हे. अमेरिकेत ९८८ हा मदतीचा क्रमांक जुलै २०२२ पासून देशभर चालतो. तो आणि शहरातल्या दोन ब्लॅक महिला समुपदेशकांची नावं नियमांच्या कागदावर छापलेली असू द्या, आणि त्या बाईला फोन लावताना कुणीतरी तिच्या शेजारी बसा.

कंपनी पैसे देऊ करते आणि बदल्यात फोटो मागते. पैसे घ्या, फोटो देऊ नका, निदान पहिलं वर्ष. हे आमचं ठाम मत आहे.

आणि तुम्ही ब्लॅक नसाल, तर बोलावल्याशिवाय त्या गोलात बसू नका. खोली मिळवणं, अंदाजपत्रकात तरतूद करणं, मुलं सांभाळणं, तुमच्या वरच्या खोलीत त्यांच्यातल्या एखादीचं नाव घेणं, ही कामं तुमची. ब्रिटनमध्ये १९७८ साली आफ्रिकन आणि आशियाई वंशाच्या बायकांनी 'ओवाड' नावाची एकत्र संघटना काढली होती. तशी एकत्र बैठक घडू शकते, पण आमंत्रण त्यांच्याकडून यायला हवं.

वाढ कशी करावी

चौदावी बाई आली की दोन सर्कल करा. वाटणी करताना तिन्ही थर दोन्हीकडे जातील असं पाहा, नाहीतर एकीकडे सगळ्या मेंटर आणि दुसरीकडे सगळी गरज.

मिसिसिपी राज्यात नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस डुकरांची बँक चालवली. गरीब कुटुंबाला गाभण डुकरीण मिळे. पिल्लं झाली की ती कुटुंबाची, मादी परत बँकेत, तिथून पुढच्या घरी. सर्कलमध्येही हाच हिशेब ठेवा. ६ महिन्यांची जोडी संपली की शिकलेली मुलगी त्याच महिन्यात एका नव्या मुलीचं नाव चिठ्ठीवर लिहून आणते, आणि पहिला फोनही तीच करते. नवव्या महिन्याच्या बैठकीत वही, खोलीची किल्ली आणि फोनची यादी संस्थापिकेकडून मधल्या थरातल्या दोघींकडे जाते. त्या दिवशीचं खाणं संस्थापिकेने करायचं नाही.